चित्रीकरणातील यंत्रमानवी हात: वापर आणि दक्षता

कॅमेऱ्याची एकच हालचाल तंतोतंत पुन्हा घडवून, वेगवेगळी चित्रित केलेली दृश्ये जोडण्याच्या तंत्राला मोशन कंट्रोल म्हणतात. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये ते वापरले गेले. २०१३ च्या 'ग्रॅव्हिटी'साठी मोटार कारखान्यांतील यंत्रमानवी हात वापरण्यात आले.

सहा सांध्यांचा हा हात मध्येच थांबल्यास, चौथा व सहावा अक्ष एका रेषेत आले आहेत का, हे प्रथम तपासावे. अशा स्थितीत सांध्यांना अतिवेगाने फिरावे लागते. म्हणून नियंत्रक हालचाल रोखतो. मार्ग किंचित बदलणे किंवा कॅमेरा तिरका बसविणे हा त्यावरील उपाय होय. चित्र थरथरत असल्यास नियंत्रकातील कॅमेऱ्याच्या वजनाची नोंद पडताळावी.

नवा मार्ग प्रथम कलाकारांविना, सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत चालवून पाहावा. चित्रीकरण सुरू असताना आपत्कालीन बटणाजवळ चालक असणे आवश्यक आहे.