१९ ऑक्टोबर १८३१ : म्हैसूरच्या महाराजांनी कारभार सोडला

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरचे महाराज तिसरे कृष्णराज वाडियार यांना राज्यकारभार इंग्रजांच्या हवाली करावा लागला. गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंकचे ७ सप्टेंबरचे पत्र म्हणजे फर्मानच होते. महाराजांनी विरोध केला नाही.

१७९९मध्ये टिपू पडल्यावर पाच वर्षांच्या कृष्णराजांना गादीवर बसवून दिवाण पूर्णय्यांनी राज्य चालवले. त्यांनी मागे ठेवलेला भरला खजिना महाराजांच्या सढळ हाताला पुरला नाही. महसुलाचे मक्ते वाढले, रयत पिळली गेली आणि १८३०मध्ये म्हैसूर राज्यातल्याच नगर प्रांतात बंड पेटले. तिथल्या रोषाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो: वसुलीच्या जागांवर मराठीभाषक देशस्थांचा भरणा होता आणि फौजदार रामराव आपल्याच गोतावळ्याला पोसतो, अशी ओरड होती.

कारभार काढून घेताना बेंटिंकने गैरकारभाराचा ठपका ठेवून ईस्ट इंडिया कंपनी आणि महाराज यांच्यातील १७९९च्या तहातील कलमांवर बोट ठेवले. त्या ठपक्यात तथ्य किती, हा प्रश्नच आहे. कंपनीच्याच चौकशी समितीने १८३३मध्ये महाराजांवरचे आरोप अतिरंजित ठरवले आणि बेंटिंकलाही पुढे आपला निर्णय खटकला. पण हातची सत्ता कोण परत करतो?

महाराजांना वर्षाला एक लाख पागोडा (त्या काळचे सोन्याचे नाणे) आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. कारभाराचे ठाणे बंगळूरला हलले. राज्य परत मिळावे म्हणून त्यांनी अर्जविनंत्या सुरूच ठेवल्या. १८६८मध्ये ते वारले. सत्ता वाडियारांकडे परतली ती २५ मार्च १८८१ रोजी, त्यांच्या दत्तकपुत्राच्या हाती.