गॉटिंगेनहून बंगळूरकडे

मराठी अभ्यासकाला गॉटिंगेन ठाऊक असते ते फ्रान्झ कीलहॉर्न यांच्यामुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले हे व्याकरणपंडित पुढे तेथे संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि 1908 मध्ये वारले. त्याच वर्षी जन्मलेल्या कोल्हापूरकडच्या विष्णु माधव घाटगे यांनी 1936 मध्ये त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, ती मात्र वायुगतिशास्त्रात. त्यांचे नाव आपल्या चर्चेत क्वचितच येते.

त्यांचे गुरू लुडविग प्रांटल. द्रवाला घर्षणच नाही असे मानणारे जुने गणित देखणे होते. पण त्यानुसार वाहत्या हवेतील वस्तूला विरोधच होत नसे! प्रांटल यांनी 1904 मध्ये दाखवले, की घर्षणाचा सारा खेळ पृष्ठभागालगतच्या अतिशय पातळ थरात चालतो. हा 'सीमास्तर' गवसला आणि गणित व प्रत्यक्ष यांचे जुळू लागले. घाटगे पदवी घेत होते तेव्हा ते विद्यापीठ निम्मे ओसाड होते. माक्स बॉर्न, एमी नोएथर यांना 1933 मध्येच दूर करण्यात आले होते.

मायदेशी वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. घाटगे तेथे गेले. दहा आसनी ग्लायडरचा आराखडा त्यांनी केला. तो एकच बनला. 1942 च्या डिसेंबरात भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुख घाटगेच.

येथे ग्रंथसूचीवरून विद्वान मोजण्याची आपली सवय आड येते. प्राध्यापकी सोडून कारखान्यात रमला, असा शेरा सहज मारता येईल. मला तो अन्यायाचा वाटतो. 5 ऑगस्ट 1951 रोजी त्यांचे 'एचटी-2' हे दोन आसनी प्रशिक्षण विमान उडाले. अशी दीडशेहून अधिक विमाने बनली. काही घानालाही गेली. प्रशिक्षण विमानाची कसोटी वेगाची नसते. शिकाऊ वैमानिक चुकणारच. त्याची चूक विमानाला सोसता आली पाहिजे, आणि ती चूक आहे हे त्याला कळलेही पाहिजे. पंखाचा आकार ठरवताना ज्याला नवशिक्याच्या हाताचा विचार करावा लागतो, त्याने अध्यापन सोडले असे कसे म्हणावे?

1964 मध्ये 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमान उडाले. तेही घाटगे यांच्याच मार्गदर्शनाखाली घडलेले, आणि तेही शिकणाऱ्यांसाठीच.