जमवत नेलेला संसार

पेठ तालुक्यात नव्या घरातली पहिली भांडी एकेकाळी वेलावर लागत. कडू भोपळा वेलावरच पुरता वाळू द्यायचा, आतल्या बिया खुळखुळू लागल्या की उतरवायचा, देठाशी कापून गर काढून टाकायचा आणि चुलीवरच्या धुरात टांगून ठेवायचा. धुराने साल काळपट होते, लाकडासारखी टणक होते. झाला पाण्याचा तुंबा तयार. लहान भोपळा उभा चिरला की पेज वाढायला डवला मिळे. याच भोपळ्याला बांबूच्या नळ्या बसवल्या की त्याचा तारपा होई आणि त्याच्या सुरावर अख्खा पाडा नाचे.

नाशिकच्या वायव्येला पन्नासेक किलोमीटरवर, गुजरातच्या सीमेला लागून हा डोंगराळ मुलूख आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांची इथे मोठी वस्ती. नाशिक सोडलं, सावळघाट ओलांडला की द्राक्षबागा मागे राहतात आणि साग, ऐन, बांबूचा डोंगर सुरू होतो. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. या मुलखात नवं घर कसं उभं राहिलं, त्यात कोणती वस्तू कुठून आली आणि किती वर्षं टिकली, हा इतिहास कुठल्या बखरीत सापडत नाही. तो मांडणीवरच्या हंड्यात आणि पडवीतल्या कणगीत मात्र अजून वाचता येतो.

मैदानी मुलखातल्या लग्नघरात संसार एका दिवसात मांडून मिळे. रुखवतात हंडा-कळशीपासून परातीपर्यंत सगळं ओळीने लागलेलं असे. पेठच्या डोंगरात रीत वेगळी होती. इथे मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना देज द्यायचं. देजाची आणि जेवणावळीची जुळवाजुळव होईना, तर जोडपं तोवर एकत्र राहू लागे, घर बांधे, शेत कसे. लग्न मागाहून, कधी तर मुलंबाळं झाल्यावर. समाजाला त्यात वावगं वाटत नसे. आजही या पट्ट्यातल्या सामुदायिक विवाहांत अशी जोडपी बोहल्यावर चढतात. त्यामुळे पहिलं घर आधी आणि लग्नाचं सामान नंतर, असा इथला क्रम. संसार कुणी मांडून देत नसे. तो एकेक वस्तू करून जमवत न्यावा लागे.

आधी घर. सागाचे किंवा ऐनाचे खांब, कारवीचा कुड, त्यावर शेण-मातीचा गिलावा, वर गवताचं नाहीतर कौलांचं छप्पर. मग चूल. कुंभाराकडची मडकी आणि नागलीची भाकरी भाजायला खापरी. पीठ मळायला लाकडाची काठवट. सूप, टोपल्या, पावसाचं इरलं. जातं आणि उखळ-मुसळ आलं की घर पुरतं झालं, असं धरत. यातली बहुतेक प्रत्येक वस्तू हाकेच्या अंतरावरच्या हाताने घडवलेली असे आणि बिघडली तर त्याच हाताकडे परत जाई. जात्याला टाकी लावायला टाकीवाला येई, कोयत्या-कुऱ्हाडीला पाणी द्यायला लोहार असे, सुपाचा काठ सुटला तर घरचाच म्हातारा तो नव्या बेळाने बांधून देई. या घरांना टिकाऊपणा लाभला तो या दुरुस्तीमुळे. वस्तू मुळात चांगली हवीच, पण तिला सांभाळणारा हात जवळ असला तरच ती दुसऱ्या पिढीपर्यंत पोचे.

कणगी हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. भात आणि नागली साठवायची ही बांबूची कोठी, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी. तिची तयारी बांबू तोडण्यापासूनच सुरू होते. पावसाळा सरल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला कीड कमी लागते, असा जाणत्यांचा दंडक. कोवळा बांबू चालत नाही, तो वाळल्यावर आकसतो. पुरता जून झालेलाच निवडायचा. कोयत्याने तो उभा फोडायचा, पाठीचा आणि पोटाचा भाग वेगळा करायचा. पाठीच्या चिवट पट्ट्यांनी बुडाकडची वीण घट्ट आवळायची आणि तिथून गोल गोल वर चढत जायचं. विणून झाल्यावर आतून-बाहेरून शेण-मातीचा हात. बोटांचे ठसे त्यावर उमटून राहतात. कणगी घरातच उभी, चुलीचा धूर तिच्यावर रोज बसणार. त्या धुराने बांबू काळा पडतो, पण पोखरणारा भुंगा फिरकत नाही. दर हंगामाआधी लिपण नवं करायचं आणि मग कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला हात जोडून नवं भात आत ओतायचं. असा वर्षाचा नेम पाळला तर एक कणगी बरीच वर्षं साथ देते.

बाजाराशी या घरांचं नातं मीठ, कापड, लोखंड आणि कर्ज यांपुरतं. ते नातं गोडीगुलाबीचं नव्हतं. पेठ एकोणिसाव्या शतकात एक छोटं संस्थान होतं. डिसेंबर १८५७ मध्ये त्याच्या हद्दीतल्या हरसूलचा बाजार उठाव केलेल्या लोकांनी लुटला. गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना या उठावाचे पुढारी ठरवून इंग्रजांनी फाशी दिलं. पुढे १८७८ मध्ये संस्थानच्या शेवटच्या बेगमेचं निधन झालं आणि पेठ थेट इंग्रजी अमलाखाली, नाशिक जिल्ह्यात आलं. त्याच वर्षी भारतीय वन कायदा झाला. खांबासाठी सागाचं झाड आणि कुडासाठी कारवी, या गोष्टी आतापर्यंत हक्काच्या होत्या. यापुढे त्यांच्यासाठी जंगल खात्याकडे पाहावं लागणार होतं. नव्या घराच्या पहिल्या खांबावरच सरकारची मोहोर आली.

इथलं जंगल पुढच्या काळात लाकूड होऊन घाटाबाहेर जात राहिलं. शहरांतले पलंग, टेबलं, दारं-खिडक्या ज्या सागाच्या झाल्या, त्यात नाशिकच्या या पश्चिम पट्ट्याच्या लाकडाचाही वाटा आहे. हा माल तोडणारे हात पेठचे, नफा ठेकेदारांचा. १९४६-४७ च्या सुमारास मुंबई इलाख्याचे तेव्हाचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांच्या सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना चालना दिली, ती याच पिळवणुकीवर उपाय म्हणून. मजुरी थोडी सुधारली. पण ज्यांनी सागवान तोडलं त्यांच्या घरात सागवानी पलंग फारसा आलाच नाही. त्यांचं अंथरूण शेणाने सारवलेल्या भुईवरच पडत राहिलं.

तांब्या-पितळेची वाट उलटी होती. ती भांडी नाशिकहून घाट ओलांडून येत. नाशिक शहर तांब्या-पितळेच्या कामासाठी एकोणिसाव्या शतकात नावाजलेलं होतं. गोदाकाठच्या जुन्या गावात तांबटांची आळी आणि भांडीबाजार, शेजारी सराफ बाजार. १८६१ च्या सुमारास रेल्वे नाशिकला पोचली आणि विलायती पत्रा मुंबई बंदरातून सहज येऊ लागला. धातू गाळत बसण्यापेक्षा तयार पत्रा कापून, ठोकून, जोडून भांडं करणं तांबटांना परवडू लागलं. हंड्याच्या अंगावर हातोडीचे जे चकचकीत गोल ठिपके दिसतात, ती मठारकामाची खूण. ठोकून ठोकून पत्रा आवळतो आणि कडक होतो, म्हणून हातघडीच्या भांड्याला सहजासहजी पोचे पडत नाहीत.

पेठच्या घरात असा पहिला हंडा यायला कधी दहा वर्षं लागत. एखाद्या वर्षी पीक चांगलं आलं, खुरासणी विकली गेली, हिरडा-मोहाचे पैसे हाती आले, तर एक भांडं घ्यायचं. त्यावर नाव घालून घ्यायचं. भांडीबाजारात बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन कारागीर बसलेला असे. तो अक्षराचं वळण ठिपक्या-ठिपक्यांनी उठवत जाई: टक टक टक, आधी नाव, मग गाव, कधी साल. ज्या घरात कागदाचा कपटा नव्हता, त्या घरातलं पहिलं लिखाण हंड्याच्या गळ्यावरचं होतं.

एवढा खटाटोप पितळेसाठीच का? एक तर मडकं फुटतं, पितळ पोचलं तरी ठोकून सरळ होतं. दुसरं, पितळेला मोड येते. जुनं भांडं वजनावर देऊन नवं घेता येतं, फक्त घडणावळ आणि घट भरावी लागते. तिसरं कारण अडीनडीचं. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागला की सावकाराकडे ठेवायला दुसरं काय होतं? जमीन गहाण पडण्याआधी हंडा गहाण पडे. १८९९-१९०० सालच्या दुष्काळासारखी वर्षं आली तेव्हा गरिबांच्या घरातलं हेच पितळ आधी बाहेर पडलं. सुगीनंतर तो हंडा सुटून घरी आला तर ते घर सावरलं असं समजायचं.

पितळेलाही सांभाळणारा हात लागे. चिंच, ताक, आमसूल असं आंबट पितळेत ठेवलं की कळकतं, पोटाला बाधतं. म्हणून कल्हई. बाजाराच्या दिवशी कल्हईवाला खड्डा करून भाता लावी, निखारे फुलवी, सांडशीत धरलेलं भांडं तापवून त्यात नवसागराची पूड टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि नाकाला झोंबे. मग कथलाची कांडी तापल्या भांड्याला टेकवायची की चांदीसारखा थेंब पसरू लागे आणि कापसाच्या बोळ्याने तो सरसर फिरवला की क्षणात पिवळं भांडं आतून पांढरंशुभ्र. पाण्यात बुडवताना चर्र आवाज. भोवती पोरांचा गराडा ठरलेला.

विसाव्या शतकात स्वस्त धातू आले. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवण्याचे प्रयोग सुरू केले. ती भांडी हळूहळू देशभर पसरली. मराठी घरांनी त्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हटलं. पेठच्या चुलीवर जर्मनचं पातेलं चढलं आणि मडकी मागे सरकली. ते हलकं, पटकन तापणारं, पण लवकर पोचणारं. मग आलं स्टील. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये शोधलेला हा न गंजणारा धातू आपल्याकडे सामान्य घरांत पोचायला साठ-सत्तरचं दशक उजाडलं. स्टीलला कल्हई नको, चिंचेची भीती नको. शहरात जुन्या कपड्यांवर बोहारीण स्टीलचे डबे देऊ लागली. कल्हईवाल्याचा भाता विझत गेला तो या सोयीमुळे. स्टीलची मोड मात्र पितळेच्या पासंगालाही पुरत नाही. त्यामुळे घरात भांडी वाढली आणि अडचणीच्या दिवसाला कामी येणारी ठेव कमी झाली.

लोखंडी कपाटाची कथाही तशीच लांबून आलेली. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागमध्ये कुलपांचा कारखाना काढला, १९२३ मध्ये त्याच कारखान्याने पोलादी कपाटं करायला घेतली. शहरी मध्यमवर्गाचं ते ‘गोदरेजचं कपाट’ पुढे इतकं रुळलं की गावोगावच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी तसलीच कपाटं करायला सुरुवात केली. पत्र्याची जाडी पाहून घेतलेलं कपाट जन्मभर टिकतं. पातळ पत्र्याचं कपाट पेठच्या दमट पावसाळ्यात खालून गंजायला लागतं. कपाट घेताना आतला आरसा पाहण्याआधी पायांचा पत्रा वाजवून बघणारी बाई खरी जाणती.

आज पेठमधल्या पुष्कळ कुटुंबांचा पैसा दिवाळीनंतरच्या मजुरीतून येतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर माणसं कामाला जातात. जीपवर गाठोडी चढतात, त्यात तवा, पातेलं आणि पाण्याचा हंडा असतोच. जो संसार असा वर्षातले काही महिने उचलून न्यायचा, त्यात पितळेचं ओझं परवडत नाही. उन्हाळ्यात विहिरीपर्यंतची चढउतर डोक्यावर पाणी घेऊन करणाऱ्या बाईला तर प्लास्टिकचा हंडा हा मोठाच दिलासा आहे. पंधरा लिटर पाण्याचं वजन पंधरा किलो. त्यावर भांड्याचे आणखी तीन-चार किलो कशाला? जुन्या वस्तूंची आठवण काढताना ही मान आणि हे गुडघे विसरता कामा नयेत.

पहिलं घरही बदललं आहे. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी घरकुल योजना आहे, तिच्यात २६९ चौरस फुटांचं पक्कं घर मिळतं. सामुदायिक विवाहात कन्यादान योजनेतून मंगळसूत्र आणि संसारोपयोगी वस्तू मिळतात. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचा गॅस आला, बायकांच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं. जिथे चूल विझली तिथे एक अनपेक्षित गोष्ट मात्र होते. धूर बंद झाला की आढ्याचा आणि कणगीचा बांबू भुंगा पोखरू लागतो. ज्या धुराने छाती भरून यायची त्याच धुराने बांबू टिकत होता. तो गेल्यावर काही घरांत धान्यासाठी पत्र्याची कोठी आली.

सिमेंटच्या त्या खोलीत भिंतीला स्टीलची मांडणी, तिच्या वरच्या फळीवर आजीच्या नावाचा पितळी हंडा, चिंचेने घासून लख्ख केलेला. कणगीला आत जागा नाही. ती बाहेर पडवीत, पत्र्याखाली उभी असते. तरी भात झोडून झालं की घरातली बाई टोपलीभर शेण-माती कालवते आणि जुन्या ठशांवर नवे ठसे उमटवत तिला बुडापासून लिपायला घेते.