पुस्तक हाती घेतलेली स्त्री

आसनावर रेलून बसलेली, मांडीवर उघडे पुस्तक घेऊन वाचनात रमलेली चिनी मातीची ललना काचेच्या कपाटात मांडलेली पुष्कळांनी पाहिली असेल. हे शिल्प मूळ युरोपीय अभिरुचीचे. सॅक्सनीत मायसेन येथे १७१० मध्ये चिनी मातीचा कारखाना निघाला. पुढे १७५६ मध्ये चित्रकार बूशे याने फ्रान्सच्या मादाम द पाँपादूरचे चित्र उघड्या पुस्तकासह रंगविले. सेव्हरच्या चिनी मातीच्या कारखान्याची आश्रयदात्रीही तीच. त्या समाजात स्त्रीच्या हातातील पुस्तक हे स्वास्थ्याचे, रसिकतेचे आणि प्रतिष्ठेचे चिन्ह होते.

आमच्याकडे हे चिन्ह कितीतरी आधी पाषाणात कोरले गेले. आदिलाबादप्रमाणेच १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या बीदर जिल्ह्यात जलसंगवीचे चालुक्यकालीन शिवमंदिर आहे. त्याच्या बाह्य भिंतीवरील एक सुंदरी सहाव्या विक्रमादित्याची (१०७६–११२६) प्रशस्ती लिहीत उभी आहे. तिची अक्षरे केवळ नक्षी नव्हेत. तो खरा संस्कृत लेख आहे. शिल्पकाराने तिला शोभेसाठी उभे केले, तसेच राजकीर्तीचे लेखनही तिच्याच हाती सोपविले.

देवतेच्या बाबतीत तर हे चिन्ह पूज्यच ठरले. वीणा आणि अक्षमाला यांबरोबर पुस्तक हे सरस्वतीचे लक्षण होय. बेला ज्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यात २०१६ पर्यंत गोदातीरीचे बासर क्षेत्र होते. तेथे वसंत पंचमीला सरस्वतीसमोर बालकांचे अक्षरारंभ आजही होतात.

तथापि मूर्तीच्या हाती दिलेले पुस्तक घरातील कन्येच्या हाती देण्यास आपण फार उशीर केला, हे कबूल केले पाहिजे. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी स्त्रीला वेदाधिकार नसल्याचे दुःख आपल्या अभंगांत मांडले. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. आणि शिकवावयास निघालेल्या सावित्रीबाईंना शेणमातीचा मारा सोसावा लागला. पुस्तकधारिणी देवीला नमस्कार करणारे हातच त्यांत नव्हते, असे आम्हांस म्हणवत नाही.

चिनी मातीच्या ललनेचे पान कधी उलटत नाही. तिला तेवढे पुरते. कन्येला ते पुरणार नाही. बासरला तिच्याकडून पहिले अक्षर गिरवून घेतल्यावर पुढील वर्षांतही तिची पाटी, पुस्तक आणि शाळा अखंड राहील, एवढा संकल्प देवीसमोर प्रत्येक कुटुंबाने करावा. सरस्वतीच्या हातातील पुस्तकाचा अर्थ आम्ही तरी असाच लावतो.