बायकोचं सोंग आणि भाड्याची खोली

'अशी ही बनवाबनवी'चं एखादं मीम या आठवड्यात तुमच्याही फोनवर आलं असेल. आमचं दुधनी अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला आहे. रेल्वेने थोडं पुढे गेलं की कर्नाटक लागतं. इथे घरात कन्नड बोलणाऱ्या पोरांनाही या सिनेमाचे संवाद तोंडपाठ असतात. आणि विषय निघाला की कुणीतरी शहाणा सांगतोच, "हे मूळचं हॉलिवूडचं. 'सम लाइक इट हॉट'ची कॉपी."

गंमत अशी की १९५९चा 'सम लाइक इट हॉट' स्वतःच रिमेक आहे. मूळ सिनेमा फ्रेंच, १९३५चा 'फानफार दामूर'. त्यावरून १९५१ साली जर्मनीत 'फानफारेन डेअर लीब' आला. दोन बेकार वादक, पोटासाठी बायकांच्या बँडमध्ये शिरायचं म्हणून झगे घालतात, एवढी गोष्ट. दिग्दर्शक बिली वाइल्डर आणि त्याचा सहलेखक डायमंड यांनी त्यातली फक्त बँडची कल्पना घेतली. बाकी सगळं नवं रचलं. गोष्ट १९२९च्या शिकागोत नेली आणि वादकांना गुंडांनी केलेल्या हत्याकांडाचे साक्षीदार केलं. आता झगा घालायचा तो पोटासाठी नाही, जीव वाचवायला. वाइल्डर ज्यू होता. १९३३ साली हिटलर आल्यावर तो बर्लिन सोडून आधी पॅरिसला आणि मग अमेरिकेला पळाला. त्याची आई नाझींच्या संहारात गेली. जीव मुठीत धरून पळणं काय असतं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नसेल.

'बनवाबनवी'ची वंशावळ वेगळी आहे. तो हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'वरून आला आणि तो हिंदी सिनेमा १९५५च्या 'जय मा काली बोर्डिंग' या बंगाली सिनेमावरून. म्हणजे आपला बंगाली आजोबा वाइल्डरच्या सिनेमापेक्षा चार वर्षांनी मोठा. शहाण्याचा हिशेब इथेच चुकतो.

हिंदी सिनेमा पडला. २३ सप्टेंबर १९८८ला आलेला मराठी सिनेमा मात्र अजून चालतोय. सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन आणि लक्ष्या-अशोक ही जोडी, हे कारण आहेच. पण वसंत सबनीसांनी गोष्ट पुण्यात मुरवली, हेही तितकंच खरं. खोली सोडायला लावणारे सरपोतदार आणि फक्त जोडप्यांनाच जागा देणाऱ्या लीलाबाई काळभोर प्रेक्षकांना आधीच भेटलेल्या होत्या. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला हलवणं अवघड करून ठेवलं. एकदा आत आलेला माणूस बाहेर निघेल याची खात्री नाही, म्हणून मालक आत घेतानाच पारखून घेऊ लागले. त्या पारखण्यात परशाची पार्वती झाली आणि सुधीरची सुधा.

सोंग सगळीकडे तेच, गरज मात्र त्या त्या गावची. पॅरिसला नोकरी हवी होती, शिकागोत जीव वाचवायचा होता, पुण्यात खोली हवी होती. २००३ साली हीच गोष्ट कन्नडमध्ये 'ओळु सार बरी ओळु' म्हणून आली. नावाचा अर्थ साधारण 'थाप साहेब, नुसती थाप'. आमच्या गावात या नावाचं भाषांतर करावं लागलं नाही.

नोकरीसाठी मी पुण्याला गेलो, तेव्हा कायदा बदलला होता. अकरा महिन्यांचा करार आला होता, त्यामुळे भाडेकरू कायमचा बसेल ही भीती उरली नव्हती. प्रश्न मात्र तसेच होते. फॅमिली की बॅचलर? आडनाव काय? नॉनव्हेज खाता का? दुधनी म्हटल्यावर एका मालकाने विचारलं, "म्हणजे कर्नाटक ना?" मला तरी तिसऱ्या फोनवर खोली मिळाली. माझ्यासोबत दुधनीहून आलेला मित्र मुसलमान आहे. तो दोन महिने फोनवर आपलं नाव अर्धंच सांगत होता. ते अर्धं नाव कुठल्याही धर्माचं वाटू शकतं. खोली बघायला गेल्यावर पूर्ण नाव सांगावंच लागायचं आणि मग जागा "कालच गेलेली" असायची.

'बनवाबनवी' त्यालाही पाठ आहे. तो म्हणतो, लुगडं नेसून काम भागत असतं, तर ते सोपं होतं.