खर्जाचें घर

जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांच्या तोंडीं एक मत वारंवार येतें: त्या काळच्या गवयांचे आवाज बारीक असत, आणि साथीला डग्गा जणूं नव्हताच. हें मत इतिहास म्हणून खपूं द्यावें काय? प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. जे उत्तर द्यावयास परत येणार नाहींत, अशांच्या कलेचा निवाडा त्यांत होत असतो.

प्रथम साक्षीदारच तपासूं. हिंदुस्थानांत व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ सालीं फ्रेड गैस्बर्ग कलकत्त्यास आला तेव्हां आरंभ झाला. पुढें पावशतकभर गवई कर्ण्याच्या तोंडाशीं गात असे, आणि त्याच्या आवाजाच्या धक्क्यानेंच सुई मेणावर रेघ कोरीत असे. सेकंदाला सुमारें दोनशेंहून कमी किंवा अडीच हजारांहून अधिक कंपनें त्या यंत्रास नीट टिपतां येत नसत. काळी एकच्या तंबोऱ्यांतील खर्जाची तार तर सत्तरच्या आसपास कंपते! शिवाय सर्व तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनींच कापलेल्या नसत. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ नें फिरविली कीं सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतो. म्हणजे खर्ज यंत्रानें गिळला, आणि उरलेला आवाज आपण वर चढविला. अब्दुल करीमखांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं दिलेल्या तबकड्या आणि १९३७ सालीं निधन होण्यापूर्वीं मायक्रोफोनपुढें गाऊन दिलेल्या तबकड्या शेजारीं ठेवाव्या. दोहोंतील फरक केवळ गळ्याच्या वयाचा नाहीं. यंत्राच्या वयाचाही आहे.

मग उपाय कोणता? जुनी तबकडी जुन्याच कर्ण्याच्या फोनोवर वाजवावी, असें कित्येक सुचवितात. ह्या मताला विलायतेंतील एका हौसेचा आधार मिळतो, म्हणून तिच्याकडे वळूं. १९६० नंतरच्या इंग्रजी वाद्यवृंदांतील बेस गिटारचा नाद पुन्हां मिळावा म्हणून कांहीं लोक त्या काळचीं स्पीकरचीं खोकींच शोधून आणतात. हा नुसता छंद नव्हे. जिम मार्शल ह्या लंडनच्या दुकानदारानें १९६२ सालीं जें वर्धकयंत्र बनविलें, त्याची विद्युत्‌रचना फेंडर ह्या अमेरिकन कंपनीच्या बेसमन यंत्रावरून घेतलेली होती. परंतु बेसमनमध्यें दहा इंची चार स्पीकर उघड्या पाठीच्या पेटींत असत. मार्शलनें सेलेस्टियनचे बारा इंची चार स्पीकर बंद पाठीच्या खोक्यांत बसविले. रचना बहुतांशीं तीच, तरी नाद निराळा झाला. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळां कंपते. तसले स्पीकर तो मूळ स्वर क्षीणच देतात. त्याच्या वरचे उपस्वर मात्र ठळक उमटतात, आणि त्या उपस्वरांवरून मूळ स्वराचें अनुमान कानच करून घेतो. तो प्रसिद्ध 'इंग्रजी' खर्ज अंशतः ऐकणाऱ्याच्या मेंदूंत वाजत असतो.

आतां दोन्ही गोष्टींतील भेद पाहावा. विलायतेंतील वादक आपल्या खोक्यासमोर उभा राहून, त्याचा नाद ऐकत आपला हात बेतीत असे. खोकें हा त्याच्या वाद्याचाच भाग होता. तें परत आणणें म्हणजे वाद्य परत आणणें. आमच्या गवयानें कर्णा वाद्य म्हणून पत्करला नव्हता. तीन मिनिटांची मर्यादा आणि मोठ्यानें गाण्याची सक्ती त्याला सोसावी लागली, एवढाच त्याचा संबंध. तो कर्णा केवळ साक्षीदार होता, आणि साक्षीदार बहिरट असेल तर त्याच्यासारखाच दुसरा बोलावल्यानें सत्य दुणावत नाहीं. दोष मात्र दुणावतो. जुन्या घरांतील लोक तबकडी कशी ऐकत हें समजण्यास जुना फोनो अवश्य लावावा. गवई कसा गात होता हें त्यावरून ठरवूं नये. बालगंधर्वांच्या आवाजाचें खरें घर तबकडी नव्हतेंच. मायक्रोफोनवांचून शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावें लागणारें नाट्यगृह हें तें घर.

ही चर्चा शहरी संग्राहकांपुरतीच आहे असें कोणी समजूं नये. आमच्या सुप्याकडे, पारनेर तालुक्यांत, तमाशाची ढोलकी हा ओळखीचा नाद आहे. पत्र्याच्या निमुळत्या कर्ण्यांतून ती ऐकली तर थाप कानीं येते, घुमारा येत नाहीं. कारण लहान तोंडाच्या कर्ण्याला खालचे स्वर हवेंत नीट सोडतां येत नाहींत. उद्यां तेवढेंच मुद्रण उरलें, तर आमच्या ढोलकीवाल्यांना डावा हातच नव्हता असें पुढचा इतिहासकार लिहील. कागदपत्र वाचण्यापूर्वीं तो कोणी, कोणासाठीं लिहिला हें विचारावयास इतिहासाचे विद्यार्थी शिकतात. आवाजाच्या कागदपत्रालाही प्रथम हाच प्रश्न टाकला पाहिजे: तूं वाद्य होतास, कीं साक्षीदार?