रक्तातील साखर आणि स्त्रियांसाठी घरच्या घरी व्यायाम

"दिवसभर घरात राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?" मधुमेह असलेल्या अनेक स्त्रिया असे विचारतात. घरकामाने हालचाल होते, पण ओट्यापाशी तासभर उभे राहिल्याने पाय दुखतात, स्नायूंना मात्र पुरेसे काम मिळत नाही. महाराष्ट्रासह चार प्रदेशांत झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत (२०१४) ५४.४ टक्के लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले. त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते.

जेवणानंतर साधारण एक-दीड तासात साखर सर्वाधिक वाढते. स्नायू काम करत असताना इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात. म्हणून जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत १०-१५ मिनिटे चाला. बेलापूरच्या पावसात पारसिक डोंगरावरची फेरी बुडतेच. तेव्हा हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्याही चालतील. मालिका बघतच चाला, काही बिघडत नाही!

स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम बहुतेक जणी टाळतात. पाळी गेल्यानंतर स्नायू झपाट्याने कमी होतात, तेव्हा तर ते हवेतच. हात न टेकता खुर्चीतून १० वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून दंड काढा, पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या उचला. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. व्यायामाचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, त्यामुळे सलग दोन दिवस खाडा नको.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू असेल तर आधी साखर तपासा. ती ९०च्या खाली असल्यास काही खाऊन मगच सुरुवात करा. हात थरथरणे, घाम, घाबरल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. लगेच थांबा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. उपवासाच्या दिवशी व्यायाम आणि औषधाचा डोस, दोन्हींबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. साखर २५०च्या वर असून मळमळ किंवा उलट्या होत असतील तर व्यायाम नको, डॉक्टरांना गाठा.

पायांना बधिरपणा असेल तर घरातही मऊ चप्पल घाला. घरात चप्पल चालत नसेल, तर वेगळा स्वच्छ जोड ठेवा. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल, छातीत दुखत असेल किंवा गरोदर असाल तर आधी तपासणी करून घ्या.

एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा. साखर वारंवार कमी येऊ लागली तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका. नोंदींची वही घेऊन डॉक्टरांकडे जा.